तीन धुराड्यांची आगबोट

आमच्या घरात फळ कधी कुजत नाही. कुजेल कसं, सगळं कागदावरचं! पलंगाखाली संत्री, कपाटाच्या वरच्या फळीवर सफरचंदं, माझ्या शिवणयंत्राच्या खणात नासपती, आणि खायला मागाल तर एक केळं निघायचं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलाला कसलं म्हणून व्यसन नाही." त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! मलाही नव्हती.

आमचे हे घाऊक फळबाजारात काट्यावर होते. पहाटे गाड्या यायच्या, पेट्या उतरायच्या, ह्यांनी वजन करायचं आणि आकडा ओरडायचा. जन्मभर हेच. म्हणून बाजारात सगळे ह्यांना काटेवाले म्हणत आणि जवळचे काट्या. तेव्हा पेट्या लाकडाच्या असायच्या. प्रत्येक पेटीच्या तोंडावर बागवाल्याचं लेबल डकवलेलं असायचं, घोडा म्हणा, पोपट म्हणा, घागर घेतलेली बाई म्हणा, लांबून ओळखू यावं म्हणून चांगलं भडक. मग पुठ्ठ्याचे खोके आले, त्यांच्यावर नाव आयतंच छापलेलं. लेबलांचं काम संपलं. सगळ्या बाजाराने ती रद्दीत घातली आणि आमच्या ह्यांनी ती रद्दीतून घरी आणली.

त्यातली एक गोष्ट ह्यांनीच मला सांगितली होती. जी लेबलं पेटीवर लागली ती भिजली, फाटली, पेटीबरोबर चुलीत गेली. आज लोक जी जिवापाड जपतात ती कधी पेटीवर लागलीच नाहीत, छापखान्याच्या माळ्यावर गठ्ठ्यांत पडून राहिली.

"म्हणजे कामचुकार तेवढी वाचली," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. लेबलांच्या बाबतीत ह्यांना विनोद चालत नाही.

पुढे या कागदांना भाव आला आणि भाव आला तशी नक्कल आली. कुणी जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर नवं चित्र छापायचं, चहाच्या पाण्यात बुडवायचं, उन्हात करपवायचं, कडा कुरतडायच्या. मग खरं कुठलं आणि बनावट कुठलं हे विचारायला लोक ह्यांच्याकडे येऊ लागले. रविवारी सकाळी आमचं जेवणाचं टेबल हे अडवून बसायचे आणि समोर मंडळी आपापल्या फायली उघडून बसायची. चहा कोण करणार? मी. आधी हे कागद बोटांत धरून हलवत, त्याचा आवाज ऐकत. मग वास घेत. मग भिंग. पूर्वीचे कारागीर दगडावर हाताने ठिपके देत, ते लहानमोठे, वाकडेतिकडे पडत. यंत्राचे ठिपके शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे असतात. आणि शेवटी निळा दिवा. पडदे ओढायचे, दिवा लावायचा आणि कागद त्याखाली धरायचा. जुना कागद त्या उजेडात मेल्यासारखा पिवळट पडून राहतो. नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी काहीतरी घालायला लागले, तो निळा चमकतो. ह्यांची बनियनही त्या दिव्यात अशी चमकायची की मी म्हणायचे, "अहो, तुम्हीसुद्धा बनावट दिसताय."

निकाल सांगायची ह्यांची एक तऱ्हा होती. लेबल खरं असेल तर ते सुलटंच समोरच्याकडे सरकवायचं. बनावट असेल तर पालथं घालायचं आणि तसंच पालथं सरकवायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही. कुणी म्हणालंच, "काका, पण का?" तर हे चष्मा पुसत बसायचे. पालथं घातलं की संपलं. मोठी मोठी माणसं आमच्या टेबलावरून तोंड पाडून उठून गेलेली मी पाहिली आहेत. मला ते कधी आवडलं नाही. अहो, माणूस हौसेने काही घेऊन येतो, दोन शब्द बोलायला काय जीभ झिजते? पण माझं ऐकतं कोण.

आता मिस्त्रींचं सांगते. मिस्त्री म्हणजे ह्यांचे जुने मित्र, सुतार. तरुणपणी संत्र्यांच्या एका वखारीत पेट्यांना खिळे मारायचे, तिथून माल बाजारात यायचा, तिथेच दोघांची गट्टी जमली. ह्यांना काट्या म्हणून हाक मारणारा आणि ह्यांनी ऐकून घ्यावं असा तो एकच माणूस. आमच्याकडची लेबलं ठेवायची सगळी कपाटं मिस्त्रींच्या हातची आहेत. पसरट, उथळ खण, एकाही खिळ्याशिवाय जोडलेले. एकच खण, सगळ्यात खालचा, हवा दमट झाली की अडकायचा. मग मिस्त्री यायचे, आमच्याकडेच ठेवलेला आपला रंधा फिरवायचे, मेण चोळायचे, चहा प्यायचे आणि ह्यांच्याशी भांडून घरी जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मिस्त्रींकडे लेबल एकच. त्याची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की मी झोपेत सांगेन. त्या वखारीचं चिन्ह होतं आगबोट, दोन धुराड्यांची. एकदा चित्रकाराने चुकून तीन धुराडी काढली आणि गठ्ठाच्या गठ्ठा तसाच छापून आला. मालक असा भडकला की सगळा गठ्ठा अंगणात पेटवला. मिस्त्रींनी त्या आगीतून एक कागद ओढून सदऱ्यात घातला. तीन धुराड्यांची आगबोट दुसऱ्या कुणीही पाहिलेली नाही. रविवारची मंडळी त्यांची टिंगल करायची, "मिस्त्री, पुढच्या वेळी चार धुराडी सांगा." मिस्त्री हसण्यावारी न्यायचे. पण त्यांची बायको गेली त्यानंतर त्यांना ती टिंगल सोसेना झाली. एका रविवारी ते लेबल घेऊनच आले. त्या दिवशी टेबलाशी चार जण होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "आता काट्यालाच विचारा. काट्या मला ओळखतो."

मी चहा घेऊन दारातच उभी होते. ह्यांनी कागद हलवला, हुंगला, भिंगातून पाहिला. चेहरा खुलला होता ह्यांचा, मी बघत होते ना! मग पडदे ओढले, दिवा लावला. आणि आगबोट निळी चमकली. नुसती कड नाही, सगळीच्या सगळी.

मिस्त्री म्हणाले, "कागद फार वळला होता रे. हिने शेवटच्या आजारपणाआधी ओल्या चादरीत घालून वर इस्त्री फिरवली होती. बघ कसा सरळ झालाय."

ह्यांनी ते ऐकलं. मी शपथेवर सांगते, ऐकलं. पण डोळे दिव्यावर होते. त्यांनी ते लेबल पालथं घातलं आणि मिस्त्रींकडे सरकवलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मिस्त्रींनी कागद उचलून पिशवीत ठेवला, अर्धा चहा कपात तसाच सोडला आणि "येतो वहिनी" म्हणून गेले. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मी ह्यांना म्हटलं, "अहो, जा की मागे! बोला काहीतरी!" हे म्हणाले, "काय बोलू? दिवा खोटं बोलत नाही." मला असा संताप आला की ट्रे आपटला टेबलावर.

मिस्त्री त्यानंतर आले नाहीत. फोन केला तर मुलगी म्हणायची, बाबा झोपलेत. सदा न कदा झोपलेलेच. हे वरून शांत, पण आतून माणूस पार थकला. भिंग तेच, टेबल तेच, पण पहिल्यासारखा रस राहिला नाही. कुणाचं लेबल सुलटं सरकवतानाही हात जड झाल्यासारखा. खालचा खण अडकला तो अडकलाच. मी म्हटलं, दुसरा सुतार बोलावते, कोपऱ्यावरच आहे एक. "नको," एवढंच. त्या खणातली लेबलं आत कोंडून पडली. मी म्हणायचे, बरं आहे, तेवढी तरी झुरळांना होतील. ह्यावरही भांडण नाही. नवरा भांडेनासा झाला की घर कसं भकास वाटतं ते मला तेव्हा कळलं.

अशी काही वर्षं गेली आणि मग मागच्या महिन्यात ते झालं. ह्यांच्याकडे घोड्याचं एक लेबल आहे. छापखाना बंद झाला तेव्हा माळ्यावरच्या गठ्ठ्यातून ह्यांनी स्वतःच्या हाताने काढलेलं, दिव्याखाली शंभरदा पाहिलेलं. नव्या माणसांना जुना कागद कसा दिसतो ते दाखवायला हेच काढायचे. त्याचा कोपरा वळला होता. असा कागद हे ओलसर फडक्यांत घालून वर काट्याचं लोखंडी वजन ठेवतात. त्यांचं ते जुनं फडकं विरून गेलं होतं, म्हणून ह्या वेळी दोरीवरचं एक धुतलेलं पांढरं ओढलं, मला न विचारता. रविवारी कुणी नवीन गृहस्थ आले. ह्यांनी पडदे ओढले आणि म्हणाले, "हे बघा, जुना कागद असा मेलेला दिसतो." आणि घोडा लख्ख निळा!

गृहस्थ काय समजायचं ते समजले. ह्यांनी त्यांना बरं नाही म्हणून वाटेला लावलं आणि मला हाक मारली. आवाज ऐकूनच मी हातातलं टाकून धावले.

"हे कसं होईल?" हे म्हणत होते. "हे मी काढलंय. माझ्या हाताने काढलंय."

"कशात घातलं होतं?"

ह्यांनी फडकं दाखवलं. मी ते दिव्याखाली धरलं. ते तर घोड्याहून चमकत होतं.

"अहो, कपडे धुवायच्या पुडीत घालतात ते, शुभ्र दिसावं म्हणून!" मी म्हटलं. "तुमची बनियन इतकी वर्षं चमकतेय, ती काय छापखान्यातून आली?" मी मोरीतून डबा आणला आणि चिमूटभर पूड दिव्याखाली टाकली. टेबलावर चांदणं सांडलं. ओल्या कापडातून ते कागदात उतरलं होतं, दुसरं काय.

मला वाटलं, कोडं सुटलं, आता हे खूश होतील. ह्यांचं तोंड पांढरं पडलं. ह्यांनी फडकं ओढून घेऊन पुन्हा दिव्याखाली धरलं. मग म्हणाले, "ओली चादर."

मला मिस्त्रींच्या बायकोची ती इस्त्री आठवली.

त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. "किती जणांचं पालथं घातलं असेल गं मी असं?" हे एकच. मी म्हटलं, "बाकीच्यांचं नंतर बघू. आधी चपला घाला."

मिस्त्री राहतात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलल्या. माझे गुडघे आणि ह्यांचा दम, दोघांची वरात तीन मजले चढून गेली. वाटेत हे सारखे पुटपुटत होते, काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. ती पूड कागदात बांधून बरोबर घेतली होती, पुरावा म्हणून. मी मनात म्हटलं, देवा, हा माणूस माफी मागायलासुद्धा पुरावा घेऊन निघालाय.

मुलीने दार उघडलं. आम्हाला पाहून ती नुसती बाजूला झाली. मिस्त्री स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. किती वाळले होते! हात मांडीवर ठेवलेले, आणि ते थरथरत होते, सारखे. हे उभेच राहिले.

"मिस्त्री, आगबोट खरी होती."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले.

ह्यांनी खिशातून पुडी काढली आणि साबण, चादर, दिवा असं सगळं सांगायला लागले. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिवा चुकला हे सांगायला एवढा जिना चढलास?"

"मग काय सांगू?"

"अरे, कागद खरा की खोटा हे मी तुला विचारायला आलोच नव्हतो. आगीतून ओढताना माझा हात भाजलाय, मला कोण शिकवणार? ते चौघं मला थापाड्या म्हणत होते. मी म्हटलं, काट्या आहे ना. काट्या म्हणेल, मिस्त्री सांगतो म्हणजे खरं. आणि तू मला त्यांच्यादेखत पालथं घातलंस."

ह्यांनी पुडी परत खिशात घातली. मी मध्ये पडणार होते, पण मग म्हटलं, नको, हे ह्यांचं ह्यांनाच निस्तरू दे.

"कुठे आहे ते?" ह्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी हनुवटीने कोपरा दाखवला. तिथे एक लाकडाची पेटी होती, जुन्या पद्धतीची, कांद्यांनी भरलेली. "शेवटचं काम माझं. त्यानंतर हात गेले. तुझ्याकडून आलो आणि पेटी केली. म्हटलं, पालथं पडलेलं लेबल आहे, निदान पेटीवर तरी लागू दे. खळ करून डकवलं."

"दिसत नाही."

"भिंतीकडे तोंड आहे त्याचं."

हे खाली बसले. मी म्हटलं, "अहो, आधी कांदे काढा, कंबर मोडेल!" ऐकतील तर शपथ. गुडघ्यांवर बसून ती भरली पेटी ओढायला लागले, इंच इंच. चार कांदे उसळून पार खुर्चीखाली गेले. पेटी फिरली. आगबोट समोर आली. तीन धुराडी, नारिंगी धूर, निळं पाणी. एका बाजूला ओल लागून डाग पडलेला, पाण्यावर कांद्याचं साल चिकटलेलं. बाजारात आता तिला कुणी हात लावला नसता. ह्यांचा हात सवयीने भिंगाच्या खिशाकडे गेला.

"बघ, बघ," मिस्त्री म्हणाले. "भिंगातून बघ."

"नको," हे म्हणाले आणि रडायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना असं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "चुकलं रे माझं. मी तुझं ऐकायला हवं होतं."

मिस्त्रींनी खुर्चीखालचा एक कांदा पायाने पुढे सरकवला. मग म्हणाले, "इथे म्हणून काय उपयोग? ही स्वयंपाकघरातली गोष्ट नव्हती. त्यांच्यासमोर म्हण."

"चौघांतले दोघे गेले, मिस्त्री."

"उरलेल्या दोघांसमोर म्हण."

पुढच्या रविवारी ह्यांनी त्या दोघांना बोलावून घेतलं. दुसरं कुणी नको म्हणून सांगितलं. मिस्त्री मुलीबरोबर रिक्षाने आले आणि रिक्षावाल्याने ती पेटी वर आणून दिली. कांदे होते तसेच! मुलगी म्हणाली, "बाबा काढूच देईनात." पेटी टेबलावर चढवली, तोंड मंडळींकडे. निळा दिवा ह्यांनी काढलाच नाही. मी पडदे ओढायला गेले तर म्हणाले, "राहू दे."

आणि आमचे हे, ज्यांच्या तोंडून त्या टेबलाशी कधी शब्द निघाला नाही, उभे राहिले. "ही आगबोट खरी आहे," म्हणाले. "मिस्त्री सांगतो म्हणून. त्या दिवशीही तो तेच सांगत होता. मी ऐकलं नाही, ती माझी चूक." दोघांतल्या एकाला ऐकू कमी येतं, तो "काय म्हणाले?" असं विचारायला लागला. तर ह्यांनी बाजारात आकडा ओरडायचे तसं सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

मिस्त्रींनी मान हलवली. मी चहा दिला. कप धरवेना म्हणून मुलीने धरला, पण ह्या वेळी त्यांनी तो सगळा प्यायला. मग उठून भिंतीला धरत कपाटाशी गेले, वाकले आणि थरथरत्या हाताने खालचा खण ओढून पाहिला. खण हलला नाही.

"काट्या, अडकलाय रे हा."

"तेव्हापासून अडकलाय," हे म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही मी."

मिस्त्री तिथेच जमिनीवर बसले. स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रंधा आण. मी सांगतो, तू मार."